मला ‘हॅमिल्टन’ का आवडत नाही

वाचकहो, आधीच कबूल करून टाकते: मला लिन-मॅन्युएल मिरांडाची गाणी आवडत नाहीत. न्यू जर्सीत राहून आणि घरात सोळा वर्षांची मुलगी असताना हे म्हणणं म्हणजे गणपतीच्या मंडपात उभं राहून मोदक आवडत नाहीत म्हणण्यासारखं आहे. आमच्या गाडीत ‘हॅमिल्टन’ इतक्या वेळा वाजलंय की टर्नपाइकवर कुठल्या एक्झिटला कुठलं गाणं लागणार हे मला पाठ आहे. तुमच्याकडेही फारसं वेगळं नसणार. म्हणूनच हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

ज्यांच्या घरी मुलं लहान आहेत किंवा मोठी होऊन निघून गेली आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: रॉन चेर्नावनं २००४ साली लिहिलेल्या चरित्रावरून मिरांडानं हे संगीत नाटक रचलं. गीतं त्याची, संगीत त्याचं, सुरुवातीला मुख्य भूमिकाही त्याचीच. २०१५ मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, पुढच्या वर्षी त्याला अकरा टोनी आणि पुलित्झर मिळालं. विषय काय, तर अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचं आयुष्य, तेही रॅपमध्ये. आणि वॉशिंग्टन, जेफरसन, हॅमिल्टन ही गोरी मंडळी रंगमंचावर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नट साकारतात.

कारागिरी मोठी आहे, यात वाद नाही. मंत्रिमंडळातल्या कर्जाच्या वादाची रॅपची जुगलबंदी करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. ‘सॅटिस्फाइड’ या गाण्यात आपण नुकताच पाहिलेला समारंभ उलटा फिरतो आणि दुसऱ्या मुलीच्या डोळ्यांनी पुन्हा दिसतो. तिथे मीही सावरून बसले होते. तक्रार वेगळी आहे. या नाटकात सगळेच सारखे हुशार बोलतात. सेनापती, मेहुणी, शिंपी, शत्रू, सगळ्यांच्या तोंडी तीच चमकदार यमकं, तोच वेग. माणूस बदलला तरी डोकं एकच ऐकू येतं, आणि ते मिरांडाचं. शिवाय बहुतेक गाण्यांच्या शेवटी टी-शर्टवर छापता येईल असं एक वाक्य असतं आणि त्यानंतर टाळ्यांसाठी राखून ठेवलेली जागा. शंका, अडखळणं, लाज यांना इथे फारसा वाव नाही. खरी शंका आहे ती आरन बरच्या ‘वेट फॉर इट’मध्ये, आणि मला मनापासून आवडलेलं गाणं तेवढंच. ते दिलंय मात्र नायकाला गोळी घालणाऱ्या माणसाला.

आता मूळ दुखण्याकडे येते. यॉर्कटाउनच्या लढाईच्या गाण्यात स्थलांतरितांच्या कर्तबगारीची पाठ थोपटणारी एक ओळ आहे. आम्ही नाटक पाहिलं तेव्हा त्या ओळीला अख्खं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मीही टाळ्या वाजवल्या, जोरात वाजवल्या. घरी परतताना, लिंकन टनेलच्या रांगेत, मनात आलं: ही टाळी नेमकी कुणाला दिली?

ती ओळ म्हणतात दोघं, हॅमिल्टन आणि लाफाएत. लाफाएत हा फ्रेंच सरदार. लढून परत मायदेशी गेला. हॅमिल्टन नेव्हिस बेटावर जन्मला, सेंट क्रॉयवर वाढला. बाप सोडून गेलेला, आई वारलेली, आणि बेटावरच्या लोकांनी वर्गणी काढून शिकायला पाठवलेला पोरगा. गोष्ट हृदयाला हात घालणारी आहे खरी. पण त्याला ना व्हिसा लागला, ना ग्रीन कार्डाची रांग. आणि हाच हॅमिल्टन १८०२ मध्ये वर्तमानपत्रात टोपणनावानं लिहीत होता की परक्यांना सहजासहजी नागरिकत्व दिलं तर राष्ट्राच्या स्वभावात भेसळ होईल.

त्याच्या मंत्रिपदाच्या काळातला, १७९० चा, नागरिकत्वाचा पहिला कायदा आठवा. नागरिक होण्याची मुभा फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांना होती. तो कायदा हॅमिल्टननं केला असं मी म्हणत नाही. पण त्यातल्याच ‘गोऱ्या’ या शब्दावर बोट ठेवून १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला माणूस तो! भारतीयांना ते दार १९४६ मध्ये उघडलं. म्हणजे ज्या मंडळींच्या कौतुकाला आपण टाळ्या वाजवतो, त्यांच्या देशात आपल्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ नागरिक होता येत नव्हतं. नाटकात याचा उल्लेख नाही. नाटकातला शिंपी हर्क्युलीस मलिगन हेरगिरीच्या बढाया मारतो. त्याचे निरोप पोचवणारा गुलाम केटो मात्र नाटकात नाही. कृष्णवर्णीय नट रंगमंचभर आहेत, कृष्णवर्णीय माणसांच्या गोष्टी नाहीत. इतिहासकार लायरा मोंतेरो यांनी २०१६ मध्येच हे दाखवून दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, नाटक आहे, इतिहासाचं पुस्तक नव्हे. मान्य. नाटककार मोकळीक घेणारच. प्रश्न एवढाच की ती मोकळीक कुणाच्या सोयीची आहे.

इथे मला एक दुसरं संगीत नाटक आठवतं. नाना फडणवीस आणि हॅमिल्टन समकालीन होते. दोघंही हिशेबाची दौत-लेखणी हातात धरून राज्य हाकणारे. नाना १८०० मध्ये गेले, हॅमिल्टन १८०४ मध्ये, आपल्याच न्यू जर्सीतल्या वीहॉकनच्या द्वंद्वात गोळी लागून. त्या नानांवर तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’ लिहिलं. १९७२ मध्ये पुण्यात जब्बार पटेलांनी ते बसवलं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. तेंडुलकरांनीही इतिहासाशी भरपूर मोकळीक घेतली. आणि घाशीराम कोण? कनोजहून पोट भरायला पुण्यात आलेला परका! पुणं त्याला चोर ठरवतं, हाकलतं. मग तो पोटची पोर नानांच्या हवाली करतो आणि कोतवाली मिळवतो. काम फत्ते करणाराच तो. सत्तेला नको असलेली कामं करून देतो आणि काम संपल्यावर नाना त्याला जमावापुढे टाकतात.

त्या नाटकातली गाणी आपल्याला मान डोलवायला लावतात आणि मग मान डोलवल्याची लाज आणतात. भजन चालू असतं आणि कधी लावणी झालं कळत नाही. बामणांची ती माणसांची भिंत पाठ फिरवून उभी राहते, आणि आपण त्या भिंतीच्या कुठल्या बाजूला आहोत असा प्रश्न पडतो. नाटक आवडून न घेणारेही खूप निघाले, विरोध झाला, प्रयोग थांबले, पुन्हा सुरू झाले. मिरांडाच्या नाटकात अशी भिंत नाही. तिथे प्रत्येक प्रेक्षक योग्य बाजूलाच असतो. तिकीट काढलं की झालं.

मिरांडाला हे जमत नाही असं नाही. २००८ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या त्याच्याच ‘इन द हाइट्स’मध्ये स्टॅनफर्ड सोडून घरी परतलेली एक मुलगी आहे. शिक्षण सुटलं हे आईबापांना कसं सांगायचं, या विचारानं ती गल्लीत घुटमळते. वॉशिंग्टन हाइट्समधली ती पोर मला ओळखीची वाटते, कारण तशी मुलं आपल्याकडेही आहेत आणि आपण त्यांच्याविषयी मंडळाच्या कार्यक्रमात बोलत नाही. आपण बोलतो ते यशस्वी मुलांविषयी. हॅमिल्टन हा तसाच, मंडळाच्या स्मरणिकेत फोटो छापण्याजोगा मुलगा. आपल्याला तो इतका का आवडतो, हे उघड आहे. आपल्याला इथे राहू द्यावं यासाठी आपण कर्तबगार असणं भाग आहे, हे आपण केव्हाच मान्य करून टाकलंय, आणि ती अट हे नाटक गोड चालीत म्हणून दाखवतं. ज्याला काम फत्ते करता आलं नाही, त्याचं काय, याला त्यात उत्तर नाही.

हे सगळं मी गाडीत मुलीला ऐकवलं. तिनं गाणं थांबवलं, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आई, हे नाटक नसतं तर तू तो १७९० चा कायदा वाचला असतास का?” नसता वाचला. वीस वर्षं इथे राहून, नागरिकत्वाची परीक्षा देऊनही वाचला नव्हता. मी गप्प बसले आणि तिनं गाणं पुन्हा सुरू केलं.

तेव्हा मुलांना ‘हॅमिल्टन’ बंद करायला सांगू नका. ती ऐकणारही नाहीत. पण त्यांच्यासोबत एकदा ‘घाशीराम’ बघा, थिंद यांची गोष्ट सांगा, आणि पुढच्या वेळी ती ओळ आली की टाळी वाजवायच्या आधी एक क्षण थांबा. मी थांबायचं ठरवलंय. हात मात्र अजूनही आपोआप वर येतात.