सालीवरची काळी रेघ

पोफळीच्या खोडावर पांढुरका डाग दिसला की पुष्कळांना झाडाला काहीतरी लागलं असंच वाटतं. रोह्याच्या वाड्यांत, फणसाडच्या रानाच्या कडेला, गुळगुळीत सालीच्या झाडांवर असे डाग शोधून दहापट भिंगाखाली पाहावेत. राखाडी पापुद्र्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या काळ्या रेघा दिसल्या, काही सरळ, काही नागमोडी, काही फाटे फुटलेल्या, तर ते बहुधा ‘ग्राफिस’ किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी शैवाक असतं.

पापुद्रा सालीला असा बिलगलेला असतो की साल कापल्याशिवाय सुटत नाही. त्यात घर बांधतं ते कवक. अन्न शिजवतं ते ट्रेंटेपोहलिया हे नारिंगी रंगद्रव्याचं हिरवं शैवल. रेघ मात्र नक्षी नव्हे, ते कवकाचं बीजाणू देणारं फळ. मधोमध चीर, दोन्ही अंगांना काळेकुट्ट ओठ. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात रेघ मध्ये भरीव ठेवून टोकाला निमुळती सोडतो, तसाच हिचा डौल. काही जातींच्या ओठांवर लांबट सरी असतात: आतून नवी भिंत वाढली की जुनी कड बाहेर सरकते, त्याच्या त्या खुणा.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदांसाँने 1763 मध्ये ग्राफिस ही प्रजाती मांडली. पुढे 1880च्या सुमारास स्विस शास्त्रज्ञ म्युलरने दोनच प्रश्न विचारले. बीजाणू बिनरंगी की तपकिरी? त्यांत पडदे नुसते आडवे की आडवे-उभे दोन्ही? उत्तरांतून चार कप्पे झाले: ग्राफिस, ग्राफिना, फिओग्राफिस, फिओग्राफिना. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पटवर्धन आणि कुलकर्णी यांनी, नंतर माखिजा आणि आडावदकर यांनी ग्राफिस आणि तिच्या भाऊबंदांच्या याच कुळावर काम केलं. 2002 मध्ये जर्मन शैवाक-अभ्यासक बेटिना श्टायगरने फळाची भिंत, आतला थर आणि बीजाणू एकत्र तपासून हे कप्पे मोडले. ग्राफिनातल्या पुष्कळ जाती ग्राफिसमध्ये आल्या.

जुनी मांडणी सुटसुटीत होती, पण सख्ख्यांना वेगळं करणारी. नवी मांडणी किचकट आहे, पण खरा रस तिच्यातच आहे. बाहेरून जुळ्या वाटणाऱ्या दोन रेघांचा पातळ आडवा छेद घ्या. एकीची भिंत तळापर्यंत काळी निघते, दुसरीची नुसती ओठांपुरती. आयोडीनचा थेंब सोडला की ग्राफिसचे बीजाणू जांभळट निळे होतात. वळणावर भाळून नाव देणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. या रेघेची खरी दाद पात्याच्या धारेनेच द्यावी लागते.