देवघेव आणि गुणांकन : अमेरिकेतील वैद्यकीय ग्रंथपालांच्या प्रादेशिक संघटनांचा एक विचार

व्यावसायिक संघटनेचे मूल्यमापन करावयाचे म्हटले म्हणजे तिच्या वार्षिक अहवालांकडे पाहण्याची रीत आहे. अधिवेशने किती भरली, उजळणीचे वर्ग किती झाले, सभासद किती वाढले, यांचे आकडे अहवालात असतात आणि ते बहुधा समाधानकारकच असतात. परंतु ज्या कामासाठी संघटना निघाली ते काम तिच्यामुळे अधिक चांगले होऊ लागले काय, हा प्रश्न अशा आकड्यांनी सुटत नाही. आरोग्यविज्ञानाच्या ग्रंथपालांच्या बाबतीत तर तो अधिक निकराने विचारला पाहिजे. कारण येथे नजरेतून सुटलेला एखादा संदर्भ केवळ वाचकाच्या गैरसोयीवर थांबत नाही, तो रुग्णाच्या खाटेपर्यंत जाऊन पोहोचतो. अमेरिकेतील वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या प्रादेशिक शाखांनी व्यावसायिक विकासाच्या नावाखाली अनेक उपक्रम चालविले आहेत. त्यांपैकी कोणते टिकाऊ ठरले आणि कोणते केवळ कागदावर शोभले, याची छाननी आपल्याकडील ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांसही उद्बोधक ठरण्यासारखी आहे.

या संघटनेचा जन्म 2 मे 1898 रोजी फिलाडेल्फिया येथे एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या कचेरीत झाला. त्या साप्ताहिकाचे संपादक डॉ. जॉर्ज गूल्ड यांच्या निमंत्रणावरून चार डॉक्टर आणि चार ग्रंथपाल एकत्र आले. डॉ. विल्यम ऑस्लर यांचे पाठबळ आरंभापासून होते व पुढे ते अध्यक्षही झाले. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील ग्रंथपाल मार्गारेट चार्लटन यांनी चिटणीसपद सांभाळले. या मंडळींपुढचा हेतू मुळीच भव्य नव्हता. एका ग्रंथालयात एखाद्या नियतकालिकाच्या दोन-दोन प्रती धूळ खात पडलेल्या असाव्यात आणि त्याच नियतकालिकाचा नेमका तोच अंक दुसरीकडे गहाळ असल्यामुळे तेथील खंड बांधावयाचा राहून जावा, ही स्थिती त्यांना दूर करावयाची होती. दुबार प्रतींची देवघेव हा संघटनेचा पहिला आणि बराच काळपर्यंत मुख्य उद्योग होता. बाल्टिमोर येथे मेरिलंडच्या वैद्यकमंडळाच्या ग्रंथपाल मार्सिया नॉइज यांनी ही देवघेव काही काळ स्वतःच्या ग्रंथालयातून चालविली. त्या 1896 पासून 1946 पर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, त्याच ग्रंथालयात होत्या. 1933 मध्ये त्या संघटनेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. संघटनेचा सर्वोच्च सन्मान आज त्यांच्याच नावाने दिला जातो.

दुबार अंकांची अदलाबदल हे हमालीचे काम होय, त्याचा व्यावसायिक विकासाशी संबंध काय, असा आक्षेप येऊ शकेल. वस्तुतः त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथपालाला दुसरे विद्यापीठच नव्हते. कोणता अंक कशासाठी हवा आहे हे समजून घेताना त्याला नियतकालिकांची बदललेली नावे, फुटलेल्या मालिका, मध्येच बंद पडलेली प्रकाशने यांची ओळख होई. याद्या करताना सूचीकरणाची शिस्त अंगी बाणे. आणि मुख्य म्हणजे दूरच्या गावी आपल्यासारखेच काम करणारा कोणीतरी माणूस आहे, त्याच्याकडे काय आहे व काय नाही, ही माहिती पत्रव्यवहारातून सहजी साठत जाई. येथे शिकणे आणि काम करणे या दोन क्रिया वेगळ्या पडलेल्या नव्हत्या. पुढे जे बदलले त्याचे मर्म समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

तथापि या आरंभकाळाचे नुसते गुणगान करून भागणार नाही. किमान 500 ग्रंथ, ठरलेल्या वेळा आणि नियमित देखरेख असलेल्या ग्रंथालयांनाच सभासदत्व मिळेल, अशी अट पहिल्याच घटनेत होती. देवघेवीच्या दृष्टीने ती समजण्यासारखी होती. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही त्याला मंडळात घेऊन काय करावयाचे, हा व्यवहारी विचार तिच्यामागे असावा. परंतु लहान रुग्णालयात एका कपाटावर बसविलेला माणूस त्यामुळे दाराबाहेरच राहिला. ही अट पुढे गेली, मात्र तिच्यातली वृत्ती वेगळ्या रूपाने परत आली, असे म्हणावे लागते.

1949 साली संघटनेने वैद्यकीय ग्रंथपालांच्या प्रमाणीकरणाचे नियम स्वीकारले. 1958 पासून वार्षिक अधिवेशनाला जोडून उजळणीचे वर्ग सुरू झाले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस लेखी परीक्षा आली, ती फारशी रुचली नाही, आणि 1989 मध्ये प्रमाणित ग्रंथपालांची एक ‘अकादमी’ स्थापन होऊन निरनिराळ्या श्रेणींची पद्धत रूढ झाली. श्रेणी ठरताना शिक्षण व अनुभव यांच्या जोडीला गुण मोजले जातात : वर्गास हजेरी, निबंधवाचन, लेखन, अध्यापन, शाखेतील पदे व समित्यांवरील काम. प्रमाणपत्राचे पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या व्यवस्थेची गरज खोटी नव्हती. रुग्णालयात प्रत्येकाच्या नावापुढे पदव्यांची अक्षरे असतात. तेथे ग्रंथपालाला कारकून समजण्याची प्रवृत्ती प्रबळ असते. आपले ज्ञान पारखून घेतलेले आहे, हे दाखविण्याचे साधन त्याला हवेच होते. प्रमाणीकरणाने त्याला उभे राहण्यापुरती जागा मिळवून दिली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

दोष आहे तो गुण कशाला मिळतात यात. यादी पुन्हा एकदा वाचून पाहिली की लक्षात येते, तिच्यातील बहुतेक कामे ग्रंथपाल आपल्या टेबलापासून दूर गेल्याखेरीज होत नाहीत. ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांची मिळून एक प्रादेशिक शाखा आहे. तिच्या कक्षेत बॉस्टनमधील वैद्यकीय विद्यापीठांची प्रचंड ग्रंथालये येतात, आणि मेन राज्यातील खेड्यापाड्यांची लहान रुग्णालयेही येतात. बॉस्टनच्या ग्रंथपालाने अधिवेशनास जावयाचे ठरविले तर त्याच्या जागी बसणारे सहकारी असतात, प्रवासखर्चाची तरतूद असते, निबंध वाचून दाखवावा असे संशोधन भोवती चाललेले असते. मेनच्या उत्तरेकडील रुग्णालयात एकट्या असलेल्या ग्रंथपालाने दोन दिवस जावयाचे म्हणजे ग्रंथालयाला कुलूप लावावयाचे. परिणामी ज्याला विकासाची संधी आधीच आहे त्याचे गुण वाढतात, आणि जिच्या हातून एका आठवड्यात पंधरा डॉक्टरांचे शोध पुरे झाले तिच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. 500 ग्रंथांची अट मोठ्या व लहान ग्रंथालयांत भेद करीत होती. गुणांची पद्धत मोठ्या व लहान ग्रंथालयांतील माणसांत तो करते. दूरदृश्य वर्गांमुळे, विशेषतः 2020 नंतर, प्रवासाची अडचण पुष्कळ कमी झाली हे मान्य केले तरी टेबलावरचे काम गुणांच्या हिशेबात फारसे धरले जात नाही, हा मूळ दोष त्यामुळे निघत नाही.

याच काळात एका वेगळ्या दिशेने मात्र मोलाचे काम झाले, आणि ते बहुतांशी प्रदेशाच्या पातळीवर झाले. 1965 साली अमेरिकन काँग्रेसने वैद्यकीय ग्रंथालयांना साहाय्य देणारा कायदा केला. त्यान्वये 1967 मध्ये बॉस्टनच्या काउंटवे ग्रंथालयापासून आरंभ होऊन देशभर प्रादेशिक वैद्यकीय ग्रंथालयांची साखळी उभी राहिली. त्याच 1965 सालात आल्फ्रेड ब्रँडन यांनी लहान वैद्यकीय ग्रंथालयांसाठी निवडक ग्रंथ व नियतकालिके यांची यादी संघटनेच्या मुखपत्रात प्रसिद्ध केली. पुढे डोरोथी हिल यांच्या साहाय्याने ती सुमारे चार दशके अद्ययावत होत राहिली. थोड्या पैशांत प्रथम काय घ्यावे हे ज्याला विचारावयाला कोणी नव्हते अशा ग्रंथपालाला या यादीने जितके शिकविले, तितके एखाद्या वर्गाने शिकविले असेल असे वाटत नाही. 1985 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ‘डॉकलाइन’ ही आंतरग्रंथालयीन देवघेवीची यंत्रणा सुरू केली. तिच्यात ‘फ्रीशेअर’ नावाचा एक गट असून त्यातील ग्रंथालये एकमेकांस लेख विनामूल्य पुरवितात. नॉइजबाईंच्या दुबार अंकांच्या व्यवहाराचे हे आजचे रूप होय. तेथे कोणी कोणाला श्रेणी देत नाही. आपली विनंती कोणी तत्परतेने पुरी केली आणि कोणी आठवडाभर ठेवून दिली, हे मात्र प्रत्येकाला पक्के ठाऊक असते!

हा सारा ऊहापोह केवळ ग्रंथपालांच्या घरातला नाही, हे दोन घटनांवरून स्पष्ट होते. 1986 साली अमेरिकेच्या संघशासनाने वृद्धांच्या वैद्यकीय विम्यात सहभागी होणाऱ्या रुग्णालयांना असलेली ग्रंथालयाची सक्ती काढून टाकली. ग्रंथालय हा खर्चाचा विषय आहे, असे म्हणावयास व्यवस्थापकांना त्यामुळे मोकळीक मिळाली. उत्तर म्हणून ग्रंथपालांच्या हाती जी काही प्रमाणे आली त्यांत रॉचेस्टर येथील अभ्यास महत्त्वाचा ठरला. जोअन मार्शल यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात 15 रुग्णालयांतील 208 डॉक्टरांनी उत्तरे दिली. ग्रंथालयाने पुरविलेल्या माहितीमुळे रुग्णाच्या उपचारात आपण काही ना काही बदल नक्की किंवा बहुधा केला, असे त्यांतील सुमारे 80 टक्के डॉक्टरांनी सांगितले. ही डॉक्टरांची स्वतःची कबुली आहे, बाह्य मोजमाप नव्हे, ही मर्यादा लक्षात घेतली तरी पुराव्याचे स्वरूप बोलके आहे. प्रमाणपत्रे किती जणांपाशी आहेत हे सांगून असे उत्तर देता आले नसते.

दुसरी घटना 2001 सालची, आणि ती नॉइजबाईंच्याच बाल्टिमोरमधील आहे. दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे द्रव्य हुंगविल्यानंतर 24 वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका मृत्युमुखी पडली. प्रयोगापूर्वी संशोधकाने संगणकीय सूचीतून शोध घेतलेला होता. परंतु ती सूची त्या वेळी मुख्यतः 1966 पासूनचेच वाङ्मय दाखवीत असे. या द्रव्याचे फुप्फुसांवरील दुष्परिणाम नोंदविणारे निबंध 1950 च्या दशकातील होते. छापील सूचींचे त्या वर्षांचे खंड ग्रंथालयांतून होते, आणि संगणक कोठे संपतो व कपाट कोठे सुरू होते, हे जाणणे ही वैद्यकीय ग्रंथपालाची प्राथमिक विद्या आहे. ग्रंथपालाला विचारले असते तर दुर्घटना खात्रीने टळली असती, असा दावा करणे उतावीळपणाचे होईल. मृत्यूची कारणे अनेक होती व चौकशीत पुष्कळ दोष पुढे आले. परंतु शोधाची सीमा सांगणारा माणूस जवळ असणे म्हणजे काय, याचे याहून कठोर उदाहरण मिळणार नाही. अशी विद्या परिसंवादातून क्वचितच येते. ती येते जुने खंड हाताळून, आणि आपण केलेला शोध दुसऱ्या जाणत्या ग्रंथपालाकडून तपासून घेऊन.

प्रादेशिक शाखांच्या कार्याची परीक्षा या निकषावर केली पाहिजे. शाखेने वर्षात किती व्याख्याने योजिली यापेक्षा एकट्या ग्रंथपालाला सुट्टीच्या दिवशी बदली माणूस मिळाला काय, अवघड शोध दुसऱ्या डोळ्याखालून गेला काय, रुग्णालय ग्रंथालय बंद करू पाहत असताना शेजारच्या ग्रंथपालांनी व्यवस्थापकाकडे शिष्टाई केली काय, आणि बंद पडलेल्या ग्रंथालयातील खंड रद्दीत जाण्यापूर्वी कोणी उचलले काय, हे विचारावे. अशी कामे शाखांकडून होतच नाहीत असे नव्हे. कित्येक ठिकाणी ती निष्ठेने होतात. परंतु ती अहवालाच्या तळटीपेत राहतात आणि वर्गांची यादी मथळ्यात येते. टेबलावरच्या कामाला गुण द्यावेत, इतकी दुरुस्तीही काही थोडी नाही. दुसऱ्याचा शोध तपासून दिल्याबद्दल, देवघेव वक्तशीर ठेवल्याबद्दल, नवख्या शेजाऱ्याला वर्षभर हाताशी धरल्याबद्दल गुण मोजता येतील. त्यांतील शेवटच्या गोष्टीला काही स्थान आहे. पहिल्या दोहोंना ते मिळावयाचे आहे.

गुणांचा हा संसार मराठी वाचकाला अपरिचित नाही. 2010 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथपालांच्या बढतीसही गुणांचे कोष्टक लावले होते, आणि उजळणी वर्गाच्या प्रमाणपत्रासाठी झालेली धावपळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. वैद्यकीय ग्रंथपालांपुरते बोलावयाचे तर भारतीय वैद्यकीय ग्रंथालय संघ 1981 पासून आहे, परंतु त्याचे क्षेत्र अखिल देश आहे. महाराष्ट्रात 1998 साली नाशिक येथे आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून राज्यभरची आरोग्यशिक्षणाची महाविद्यालये एका छत्राखाली आली. त्यांत 1845 साली सुरू झालेले मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कालपरवा निघालेली विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालयेही आहेत. जुन्या ग्रंथालयांपाशी काय आहे आणि नव्यांना काय हवे आहे, याची एक संयुक्त यादी त्या सर्व ग्रंथपालांनी मिळून केली आणि ती वापरात ठेवली, तर प्रादेशिक संघटनेचे काम 1898 मध्ये फिलाडेल्फियाला जेथून सुरू झाले तेथूनच येथे सुरू होईल. उजळणीचे वर्ग त्यानंतर खुशाल भरवावेत.