'नोईंग' : शेवटावर चिडलेल्यांच्या बाजूने आणि विरुद्ध

(ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहून या. खाली शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे.)

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सहा जणी, एक लॅपटॉप आणि एकीच्या पेनड्राइव्हमधला 'नोईंग'. पहिला दीड तास खोलीत कुणी कुरमुऱ्याची पिशवीसुद्धा वाजवली नाही. शेवटची वीस मिनिटं मात्र नुसता आरडाओरडा. "एलियन? सिरियसली?" असं म्हणून माझी रूममेट उठून दात घासायला निघून गेली. जाताना म्हणाली, "फसवलं यार." मीही तिच्यासोबत हसले होते.

'नोईंग' आला २००९ मध्ये. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास, नायक निकोलस केज. केज आज अनेकांना मीममधला चेहरा म्हणूनच माहीत असतो, त्यामुळे तो घाबरला की हसू येतं, हा त्याच्यावर झालेला अन्यायच आहे. गोष्ट अशी : १९५९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत मुलं भविष्याची चित्रं काढून टाइम कॅप्सूलमध्ये पुरतात. ल्युसिंडा नावाची मुलगी चित्राऐवजी कागदभर आकडे लिहिते. पन्नास वर्षांनी तो कागद एमआयटीत खगोलभौतिकी शिकवणाऱ्या जॉन केस्लरच्या मुलाला मिळतो. एका रात्री व्हिस्कीच्या ग्लासचा गोल डाग नेमका ९११०१२९९६ या आकड्यांभोवती पडतो. ११ सप्टेंबर २००१ आणि मृतांची संख्या २९९६. मग जॉन फळा घेऊन बसतो. पन्नास वर्षांतली प्रत्येक मोठी दुर्घटना त्या कागदावर आहे, आणि तीन अजून व्हायच्या आहेत.

इथपर्यंत सगळे खूश असतात. भांडण सुरू होतं ते पुढे. परदेशी समीक्षकांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच सिनेमा आवडला. पण रॉजर एबर्टने चारपैकी चार तारे दिले, आणि बाकीचे झोडपायला लागल्यावर वेगळा लेख लिहून आपली बाजू मांडली. प्रेक्षकांनी तिकिटं मात्र काढली. पाच कोटी डॉलरच्या सिनेमाने जगभरात अठरा कोटींच्या वर गल्ला जमवला. म्हणजे बघायला गेले भरपूर, आणि बाहेर येऊन भांडलेही भरपूर.

चिडलेल्यांची सगळ्यात लोकप्रिय तक्रार विज्ञानाची. सूर्यावरच्या ज्वाळेने पृथ्वी जळून खाक होऊ शकत नाही. बरोबर आहे. १८५९ च्या प्रचंड सौरवादळात तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या होत्या. आज तसंच वादळ आलं तर वीज आणि उपग्रहांची वाट लागेल, पण न्यूयॉर्क भाजून निघणार नाही. मात्र ही तक्रार करणाऱ्यांनी, शाळकरी मुलीला पन्नास वर्षांनंतरच्या अपघातांचे अक्षांश-रेखांश कळतात, हे आधी मुकाट्याने गिळलेलं असतं.

दुसरी तक्रार मला जास्त वजनदार वाटते. या आकड्यांचा उपयोग काय? जॉनला तारीख, जागा, मृतांचा आकडा सगळं कळतं आणि तो एकालाही वाचवू शकत नाही. मॅनहॅटनच्या भुयारी स्टेशनात तो एका संशयिताच्या मागे जिवाच्या आकांताने धावतो, तर तो निघतो डीव्हीडी ढापणारा भुरटा चोर. आणि गाडी तिकडे रुळावरून घसरतेच. मग इशारा दिलाच कशाला? 'रहस्य' म्हटलं की उत्तराने काहीतरी सुटावं, ही आपली रास्त अपेक्षा असते. शेरलॉक होम्सने खुनी ओळखावा आणि तरीही खून होतच राहावेत, हे कोण बघेल?

याच वर्षी नोव्हेंबरमध्ये '२०१२' आला. तोही जगबुडीचा. त्यात नायक लिमोझीन पळवत भूकंपाच्या पुढे निघून जातो आणि कुटुंबासकट जहाजावर पोचतो. सगळ्यात आधी धोका ओळखणारा भारतीय खगोलभौतिकशास्त्रज्ञ सतनाम मात्र बायको-मुलासह लाटेखाली जातो, कारण त्याला न्यायला येणारं विमान येतच नाही. त्या मरणावर चिडलेला प्रेक्षक मला अजून भेटलेला नाही. नायक वाचला ना, मग झालं. 'नोईंग' हा नियम मोडतो. त्यात नायकच सतनाम आहे. लोक एलियनवर चिडले म्हणतात, पण माझ्या मते त्यांच्या रागाचं खरं मूळ इथे आहे.

विमान पडण्याचा प्रसंग आठवा. पावसात वाहतूक तुंबलीय, जॉन गाडीतून उतरतो, मागून विमान तिरकं होत येतं आणि शेतात फुटतं. पुढची दोनेक मिनिटं कॅमेरा कट न करता त्याच्या मागे चिखलातून चालत राहतो. जळती माणसं समोरून धावतात आणि तो "अहो, थांबा" अशा अर्थाचं काहीतरी ओरडतो, बस. त्याच्या हातात ना पाणी, ना घोंगडी. आपत्तीपटांत नायकाला इतकं बिनकामाचं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हा प्रसंग आवडला म्हणणाऱ्यांनीच शेवटाला शिव्या घातल्या, हे मला कोडं वाटतं. शेवट म्हणजे तोच प्रसंग, फक्त पृथ्वीएवढा मोठा.

सिनेमात चुका नाहीत असं नाही. ते कुजबुजणारे फिकट लोक झाडामागे इतक्यांदा उभे राहतात की नंतर भीतीऐवजी कंटाळा येतो. काळे दगड कशाला, ससे कशाला? रोझ बर्नच्या वाट्याला आलेली डायना तर लेखकाने वाऱ्यावर सोडलीय. ती ल्युसिंडाची मुलगी, लहानपणापासून स्वतःच्या मरणाची तारीख ऐकत वाढलेली. या बाईवर वेगळा सिनेमा निघाला असता. इथे ती किंचाळते आणि ट्रकच्या धडकेत मरते.

२०२० च्या एप्रिलमध्ये मी गावी अडकले होते. संध्याकाळ झाली की टीव्हीवर आकडे. जिल्हा, बाधित, मृत. बाबा ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवसांत मी 'नोईंग' पुन्हा लावला. यावेळी शेवटाला हसू आलं नाही. मुलाला त्या परक्यांच्या हाती सोपवून जॉन पेटलेल्या बॉस्टनमधून गाडी चालवत जातो, मागे बीथोव्हेनची सातवी सिम्फनी. कितीतरी वर्षं ज्यांच्याशी धड बोलणं नव्हतं त्या पाद्री वडिलांच्या दारात तो उभा राहतो आणि सगळे एकमेकांना मिठी मारतात. अनेकांनी याला धर्मप्रचार म्हटलं. एझिकिएलच्या चाकाचं चित्र सिनेमात आहेच, त्यामुळे तो अर्थ कुणी ओढूनताणून आणलेला नाही. पण मला तिथे देव दिसला नाही. आकड्यांतून काही हाती न लागलेला माणूस शेवटी घरी गेला, एवढंच दिसलं. रूममेटला तसा मेसेज केला. तिचं उत्तर : "लॉकडाउनमुळे तू सॉफ्ट झालीयेस."

असेलही. पण त्या रात्री सोबत आई बसली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. इंग्रजी संवाद मी मध्ये मध्ये सांगत होते. तिला ना सूर्याची ज्वाळा खटकली, ना एलियन. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "त्या पहिल्या पोरीचं काय झालं?"

मी सांगितलं, मोठेपणी नशेच्या अतिरेकाने गेली, मध्ये उल्लेख होता.

"ते नव्हे गं. बाईंनी तिचा कागद ओढून घेतला ना, वेळ संपली म्हणून. तिचं लिहून झालं नव्हतं."

खरंच. राहिलेले आकडे ती अंधाऱ्या खोलीत लपून दाराच्या लाकडावर नखांनी कोरते, बोटांतून रक्त येईपर्यंत. हा सिनेमा तीनदा पाहून, इतकी मतं वाचून, त्या बाईंबद्दल मी कधी विचार केला नव्हता. मी तरी त्यांच्याबद्दल कुणाचं मत वाचलेलं आठवत नाही. आपण सगळे कागदावर काय लिहिलंय यावर भांडत बसलो.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मीपण ओढलेत असे कागद. घंटा झाली की झाली. एक मुलगा होता, वहीत नुसत्या रेघा मारायचा..." पुढे तिने सांगितलं नाही. चष्मा पुसला आणि म्हणाली, "सुरुवातीचा तो शाळेचा भाग परत लाव बरं."