प्रकाशक गेला, खेळ राहिला

जुन्या बैठ्या खेळांच्या नादाला लागून मला आता वीसेक वर्षं झाली. लेण्यांचे ओटे, देवळांच्या पायऱ्या, गडांवरचे कातळ, जिथे जावं तिथे कुणीतरी कधीकाळी कोरलेला पट सापडतो. त्याचं माप घेता येतं, छायाचित्र काढता येतं. पण काही पटांवर नेमकं काय खेळत होते, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. या खेळांना प्रकाशक नव्हता, तेव्हा त्यांचं प्रकाशन बंद पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ते संपले. म्हणून मला उलटा प्रश्न पडला. ज्या खेळाचा जन्मच छापील पुस्तकातून झाला, त्याचा प्रकाशक गेल्यावर काय होतं?

असे खेळ अमेरिकेत आहेत. १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून त्यांची परंपरा सुरू झाली. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो. ‘समोर दार आहे’ असं तो म्हणतो, ‘मी उघडतो’ असं दुसरा म्हणतो, आणि पुढे काय होणार याचा निवाडा फासे करतात. पट नसला तरी चालतो. नियमांचं पुस्तक आणि बोलणारी माणसं एवढंच भांडवल.

मी निवडलेला खेळ ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांनी रचलेला हा अंतराळप्रवासाचा खेळ इलिनॉय राज्यातल्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने १९७७ साली काढला. एका खोक्यात तीन लहान काळ्या पुस्तिका. अमेरिकेतल्या भाच्याने त्यांचं पुनर्मुद्रण आणलं आणि सुटीत मला खेळायला बसवलं. यात पात्राचं पूर्वायुष्यही फाशांनीच ठरतं. सैन्यात किंवा आरमारात चार-चार वर्षांच्या मुदती काढायच्या, आणि दर मुदतीत तगून राहण्यासाठी फासे टाकायचे. माझं पहिलं पात्र खेळ सुरू होण्याआधीच मेलं. भाचा हसला आणि म्हणाला, “मामा, दुसरं करा.”

तीन पुस्तिका वाचून झाल्यावर लक्षात आलं, की त्यांत सांगण्यासारखी गोष्टच नाही. आहेत ती गोष्ट तयार करण्याची अवजारं. नवा ग्रह हवा? ल्युडोच्या फाशांसारखे दोन साधे फासे टाका, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, राज्यपद्धत, कायद्याचा कडकपणा ठरवा, आणि हे सगळं एकत्र कसं नांदेल ते तुमचं तुम्ही बघा. अकरा हजार ग्रहांचं ‘थर्ड इम्पीरियम’ हे साम्राज्य प्रकाशकाने नंतर रचलं. पण मुळातला एक नियम त्यातही टिकला. संदेश जहाजापेक्षा वेगाने जात नाही, आणि जहाजाच्या एका झेपेला सुमारे आठवडा लागतो. राजधानीची बातमी सीमेवर पोचायला कितीतरी महिने जातात. त्यामुळे सीमेवरच्या माणसाला वरच्या हुकमाची वाट पाहता येत नाही. माझ्या मते या खेळाच्या चिवटपणाचं मूळ इथेच आहे. प्रकाशकाविना कसं जगायचं, हे त्याने खेळाडूंना आधीच शिकवून ठेवलं होतं.

त्याची परीक्षा पुढे झाली. १९८७च्या ‘मेगाट्रॅव्हलर’मध्ये प्रकाशकाने सम्राट स्ट्रेफॉनच्या हत्येपासून यादवी पेटवली. १९९३च्या ‘न्यू एरा’त संगणकांत शिरलेल्या एका विषाणूने साम्राज्यच बुडालं, आणि जुने नियमही बदलले. अनेक जुने खेळाडू या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या टेबलावर सम्राट जिवंतच राहिला. १९९६ साली कंपनी बंद झाली, हक्क मिलर यांच्याकडे परतले. मग १९९८ साली स्टीव्ह जॅक्सन गेम्सने ‘गर्प्स ट्रॅव्हलर’ काढलं. त्यात ती हत्या झालीच नाही, असं सरळ गृहीत धरलं होतं. या मालिकेचे संपादक लॉरेन वाइजमन हे मूळ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे कालचा अधिकृत इतिहास आज अनेक शक्यतांपैकी एक ठरला, आणि तो तसा ठरवण्यात घरचाच माणूस होता.

शेजारी दुसरा खेळ ठेवून पाहू. व्हाइट वुल्फचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ १९९१ सालचा. वातावरणनिर्मितीत तो ‘ट्रॅव्हलर’पेक्षा सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच्या पुरवण्यांतून एक मोठं कथानक क्रमशः पुढे सरकत असे, आणि खेळाडू हळूहळू पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक होत असे. २००४ साली प्रकाशकाने ‘गेहेना’ या पुस्तकात जगबुडी आणून ते कथानक संपवलं. मात्र त्या पुस्तकात शेवट एक नव्हे, चार आहेत. वर्षानुवर्षं गोष्टीची सूत्रं हातात ठेवणाऱ्याने शेवटी ‘कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा’ म्हणावं, ही मला कबुलीच वाटते. २०११ साली विसाव्या वर्षानिमित्त खेळ परतला, तेव्हा भर कथानक पुढे रेटण्यावर नव्हता. जुनी सामग्री एका जाड ग्रंथात गोळा करून टेबलाच्या हाती देण्यावर होता.

यावरून निघतं ते इतकंच, की प्रकाशन थांबल्यावर नियम मरत नाहीत. अमेरिकी कायद्यातही खेळण्याच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क मिळत नाही, तो तिच्या शब्दांकनावर मिळतो. मरते ती पुढचा भाग येईल ही आशा. ज्या खेळाने खेळाडूच्या हाती अवजारं दिली, त्याला ही आशा नसली तरी चालतं. पण याला एक मर्यादा आहे, आणि ती मी दडवणार नाही. दुकानात पुस्तक नसलं की नवा खेळाडू आपोआप येत नाही. कुणीतरी त्याला बोलावून शेजारी बसवावं लागतं. भाच्याने मला बसवलं तसं.

माझ्या आत्याचा सारीपाट माझ्याकडे आहे. कापडी पट, लाकडी सोंगट्या, कवड्यांची पुरचुंडी. ती दिवाळीत खेळायची आणि तिचे काही नियम आमच्या घरापुरतेच होते. मी देशभरच्या पटांची मापं घेत हिंडलो, पण तिला ते नियम कधी विचारले नाहीत. ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली.

गेल्या भाऊबीजेला तिची मुलगी, माझी आतेबहीण, आली होती. तिचं वय एकोणऐंशी. पट मांडला आणि आठवेल तसं सांग म्हटलं. सोंगटी मारली की पुन्हा डाव मिळतो, असं ती म्हणाली. मला आठवत होतं, की तो मिळत नसे. बराच वेळ आमचा वाद झाला. शेवटी मी दोन्ही नियम वहीत लिहून घेतले, आणि आम्ही तिच्या नियमाने खेळलो.