स्पॅनर, पीएच.डी. आणि बलुतं

मॅथ्यू क्रॉफर्ड यांचं 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' २००९ साली आलं. तेव्हापासून अमेरिकेत 'प्रत्येकाने कॉलेजात जायलाच हवं का?' हा वाद निघाला, की या पुस्तकाचं नाव निघतंच. शॉप क्लास म्हणजे शाळेतला सुतारकाम-लोहकामाचा तास. हे तास बंद पडले आणि त्यांची यंत्रं जुन्या बाजारात विक्रीला आली, तिथून पुस्तक सुरू होतं. लेखकाची स्वतःची वाटही वेगळी आहे. शिकागो विद्यापीठातून राजकीय तत्त्वज्ञानात पीएच.डी., मग वॉशिंग्टनमधल्या एका थिंक टँकचं संचालकपद, तिथून पाच महिन्यांत बाहेर, आणि शेवटी व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज.

पुस्तकाचा मुख्य दावा असा, की हाताच्या कामात डोकं लागतं, आणि पुष्कळदा ऑफिसच्या कामापेक्षा जास्त लागतं. इंजिन सुरू होतं किंवा होत नाही. साहेबाची मर्जी राखून ते सुरू होत नाही. याच्या उलट, क्रॉफर्ड यांनी पूर्वी शोधनिबंधांचे सारांश लिहिण्याची नोकरी केली होती, तिथे शेवटी रोज २८ सारांशांचा कोटा होता. समजून घेऊन लिहायला गेलं तर कोटा पुरा होत नसे. टेलरच्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'ने कारखान्यात विचार आणि कृती यांची फारकत केली, तेच आता ऑफिसांत चाललं आहे, हे त्यांचं निदान मला पटतं.

पटण्याचं कारण रोज समोर असतं. मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक आहे. आमची व्हॅक्यूम लाइन तडकली, की आम्ही सगळे डॉक्टरेटवाले हात बांधून काच-कारागिराची वाट बघतो. क्वार्ट्झ आणि बोरोसिलिकेट तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती सरळ जोडता येत नाहीत; मधे टप्प्याटप्प्याने बदलत जाणाऱ्या काचांचा सांधा द्यावा लागतो. मग भट्टीत सावकाश थंड करून आतला ताण काढायचा. हे मला पुस्तकातून माहीत आहे, त्याच्या मनगटाला माहीत आहे. न्यू जर्सीतल्या सेलम कम्युनिटी कॉलेजात हे काम शिकवणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

आता पैशाचं बघू. सरकारी आकडेवारीप्रमाणे मे २०२३ मध्ये अमेरिकेतले निम्मे इलेक्ट्रिशियन वर्षाला ६१,५९० डॉलरपेक्षा जास्त कमावत होते. एनआयएचने २०२४ साठी नव्या पोस्टडॉकचं मानधन ठरवलं ६१,००८ डॉलर. तोही एका मोठ्या वाढीनंतर! इलेक्ट्रिशियन चार-पाच वर्षं उमेदवारी करतो, पण त्या काळात त्याला पगार मिळतो.

मग हे पुस्तक मराठी घराघरांत वाटावं का? वाटावं, पण त्यातली एक मोठी रिकामी जागा दाखवून.

क्रॉफर्ड यांनी गॅरेज निवडलं. उद्या कंटाळा आला असता, तर पीएच.डी. खिशात होतीच. पुस्तकाची सगळी उमेद या निवडीवर उभी आहे, आणि लेखक तिच्याकडे क्वचितच बघतात. मराठी वाचकाला ते सोडून पुढे जाता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गांवगाडा' १९१५ सालचं. त्यातल्या गावात सुतार, लोहार, कुंभार, चांभार सगळे आहेत आणि त्यांच्यावाचून गावाचं पान हलत नाही. कौशल्य, प्रत्यक्ष उपयोग, गिऱ्हाइकाशी समोरासमोर संबंध असं क्रॉफर्ड यांना हवं ते जवळजवळ सगळं तिथे आहे. नाही ती फक्त दोन गोष्टी: काम सोडायची मुभा आणि मोल सांगायचा हक्क. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा, आणि त्यातही कोण वरच्या ओळीतला, कोण खालच्या, हे आधीच ठरलेलं. त्या वाट्याचं नाव दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला दिलं, तेव्हा त्या शब्दात काय काय साठलं होतं ते पांढरपेशा वाचकाला कळलं. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं.

म्हणून 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द मला एकटा पुरत नाही. ज्या घरांनी तीन पिढ्या झगडून हातातलं हत्यार खाली ठेवलं आणि पाटी-पुस्तक धरलं, त्यांना 'हाताच्या कामातच खरा आनंद' हे ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो उपदेश आधी त्यांच्याच घरी व्हावा, ज्यांच्याकडे हत्यार कधी आलंच नाही.

पुस्तकात आणखी दोन उणिवा आहेत. त्यातलं गॅरेज जवळपास पुरुषांचं आहे. बाईने तिथे पाऊल टाकलं तर काय होईल, हा प्रश्न लेखकाला फारसा पडत नाही. आणि पन्नाशीतले गुडघे, कंबर, फुप्फुसं यांचा हिशेब फार थोडक्यात उरकला आहे.

तरी हे पुस्तक परदेशातल्या मराठी माणसाने वाचावं, कारण ते आपल्या वर्मावर बोट ठेवतं. अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन ब्लाइंडर यांचा आधार घेऊन क्रॉफर्ड म्हणतात, की जे काम तारेवरून पाठवता येतं ते उद्या दुसऱ्या देशात जाईल. नळ दुरुस्त करायला माणूस घरातच यावा लागतो. या तारेचं दुसरं टोक हिंजवडीत आहे, आणि आपल्यापैकी कितीतरी जण त्याच तारेवरून इथे आलो. प्लंबरचं बिल बघून 'यापेक्षा प्लंबर झालो असतो तर बरं' असा विनोद आपण मंडळाच्या प्रत्येक जेवणात करतो. पण आपल्याच मुलीने बारावीनंतर इलेक्ट्रिशियनच्या उमेदवारीचा अर्ज पुढे केला, तर? 'आधी डिग्री घे, मग काय ते कर' हेच उत्तर येईल.

या उत्तरात पैशाची काळजी थोडी असते, वरच्या-खालच्या ओळींची आठवण जास्त. क्रॉफर्ड यांना ती आठवण नाही, म्हणून त्यांचं पुस्तक इतकं मोकळं आहे. आपल्याला आहे, म्हणून मुलीच्या अर्जावर सही करताना आपला हात नेमका कशामुळे अडतो, ते एकदा स्वतःशी नीट तपासून बघावं.