भित्तिपत्रक, शिळा आणि स्वाक्षरी : संग्राहकदृष्टीची एक चिकित्सा

प्रस्तावना :
आधुनिक चित्रकारांची जुनी शिळामुद्रित भित्तिपत्रके जमविणे हा आता केवळ छंद राहिलेला नसून कलाबाजाराचा तो एक स्थिर विभाग झाला आहे. या संग्रहामागील मूल्यनिकष कलाकृतीला कितपत न्याय देतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात पॅरिसच्या मुर्लो मुद्रणशाळेच्या संदर्भात केला आहे.

विवेचन :
फ्रान्समध्ये १८८१ च्या कायद्याने भित्तिपत्रकांना मोकळीक मिळाली. तुलूज-लोत्रेकचे 'मुलँ रूज' १८९१ मध्ये पॅरिसच्या भिंतींवर लागले आणि त्या काळात एदमों सागो यांच्यासारखे विक्रेते भित्तिपत्रके संग्राहकांना विकत होते. रस्त्यावरची वस्तू अशा प्रकारे दिवाणखान्यात आली.

पुढे फेर्नां मुर्लो यांच्या मुद्रणशाळेत मातिस, मिरो, शागाल यांची कामे छापली गेली. पिकासो तेथे १९४५ पासून काम करू लागला. त्याने जानेवारी १९४९ मध्ये तेथे केलेले कबुतराचे चित्र एप्रिलमधील पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर आले. संग्राहक या चित्राच्या स्वाक्षरीयुक्त, मर्यादित प्रतींना अग्रस्थान देतो. परंतु कबुतर जगभर शांततेचे चिन्ह ठरले ते भिंतीवरच्या भित्तिपत्रकामुळे. कृतीचे सामाजिक मूल्य आणि बाजारमूल्य येथे परस्परविरुद्ध दिशांना जातात.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. शागालच्या अनेक भित्तिपत्रकांवर शार्ल सोर्लिए यांचेही नाव छापलेले आढळते. मूळ चित्र शागालचे. रंगागणिक ते स्वतंत्रपणे उतरविण्याचे काम सोर्लिए यांचे. नीस शहरासाठीचे १९६२ चे भित्तिपत्रक याच पद्धतीचे आहे. 'शागालवरून' अशी नोंद करून संग्राहक अशा कृतीला दुय्यम लेखतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा मुद्रणालयाची चित्रे घरोघरी पोहोचली, पण तैलचित्र शिळेवर उतरविणारे कारागीर मात्र विस्मृतीत गेले. तोच अन्याय येथेही दिसतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, चित्रकाराच्या हाताचा भेद पुसला तर फसवणुकीस वाव मिळेल. हा आक्षेप रास्त आहे. भिंगाखाली ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते, शिळाछापात ती दिसत नाही. ही पारख संग्राहकाला असलीच पाहिजे. मात्र ओळख पटविणे आणि मूल्य ठरविणे या भिन्न क्रिया आहेत. पहिलीत काटेकोरपणा हवा, दुसरीत व्यापक दृष्टी.

निष्कर्ष :
भित्तिपत्रक ही मुळात सहकार्याची आणि सार्वजनिक कृती आहे. म्हणून संग्रहाच्या नोंदीत चित्रकाराबरोबरच शिळेवर चित्र उतरविणारा, मुद्रणशाळा आणि निमित्त यांनाही स्थान असावे. केवळ स्वाक्षरी जपणारा संग्रह भित्तिपत्रकाचा कागद सांभाळतो. त्याचा इतिहास मात्र गमावतो.