चौदाशे वर्षांचा कोरा कागद



चांगदेवांचे आख्यान आपण सर्वांनी ऐकले आहे. योगिराज वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन येतात आणि भावंडे भिंतीसह सामोरी जातात. प्रभातच्या १९४० सालच्या 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटानेही ती भिंत चालवून दाखवली. कीर्तनात टाळ्या तिथेच पडतात. पण आख्यानाचे मर्म भिंतीच्या आधीच्या कोऱ्या कागदात आहे, आणि तेच बहुधा घाईने उरकले जाते.

योगबळाने चांगदेवांनी चौदाशे वर्षे काळाला चुकवले, असे परंपरा सांगते. आपल्याला मरण गुडघ्यांनी कळते, तिरडीला खांदा देताना कळते. ज्याने मरण परतवले, त्याला ते कसे कळावे? चांगदेवांना ते पत्राच्या मायन्यापाशी कळले. 'चिरंजीव' लिहावे, तर समोरचा ज्ञानाने वडील. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने पोर. लेखणी अडली, कागद कोराच गेला. चिरंजीव म्हणजे पुष्कळ जगणारा, आणि त्याच शब्दापाशी सर्वांत जास्त जगलेल्याचा हात थांबला! एवढी वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे मुक्ताई म्हणाल्या म्हणतात.

त्या कागदाचे उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी. तिच्यात मरणाचा धाक नाही, की वयाची थट्टा नाही. एक दृष्टांत मात्र वर्मी लागतो. मिठाचा खडा पाण्याचा ठाव घ्यायला गेला, तो स्वतःच उरला नाही. मग माप कोण घेणार? चांगदेवांनी चौदाशे वर्षे हा खडाच कोरडा जपला होता. देह टिकला, पण पाण्याची ओळख राहून गेली.

आमची मैंदर्गी सीमेवरची. इथल्या कन्नड कानांना अल्लमप्रभूंची कथा ठाऊक आहे. गोरक्षाच्या वज्रदेहावर तलवार मारली तर खणखणाट झाला. अल्लमप्रभूंवर मारली तर ती आकाशातून जावी तशी आरपार गेली. भाषा दोन, पण बोध एकच: जो खणखणतो, तो अजून उरला आहे.

म्हणून या आख्यानात योगाची हेटाळणी करू नये. चांगदेवांचा मोठेपणा असा की कोरेपण कळताच ते पोरवयाच्या मुक्ताईंचे शिष्य झाले. ज्ञानोबारायांनी तर शके १२१८ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. आयुष्याचे माप वर्षांनी घ्यायचे, तर हिशोब उलटाच लागेल.

मायबापहो, मी सत्तरी ओलांडली आहे. आपण वाऱ्या मोजतो, माळ घातल्याची वर्षे मोजतो. मोजावीत; पण त्या कागदावर काही उमटले का, हे विठोबासमोर उभे राहून स्वतःला विचारावे. उत्तर 'कोरा' असे आले तरी घाबरू नये. पासष्टी कोऱ्या कागदावरच उतरली.

रामकृष्णहरी.